आजींची भीती

“आणि हा पट्टा सुटला तर?” आजींनी विचारलं.

“सुटत नाही, आजी. मी ओढून बघितलाय.” लंबूने छातीवरचा पट्टा ओढून दाखवला. मग मांड्यांवरचे दोन्ही. मग पुन्हा छातीवरचा.

लंबू हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण धावपट्टीजवळच्या त्या शेडमध्ये सगळे त्याला याच नावाने हाक मारत. एकट्याने विमानातून उडी मारणं हा त्याच्या डाव्या हातचा मळ. जिना उतरावा तसा तो आभाळातून उतरायचा. पण दुसऱ्या माणसाला स्वतःच्या छातीशी बांधायचं आणि दोघांच्या जिवासाठी एकच हवाई छत्री उघडायची, ही गोष्ट वेगळी. तिच्या सगळ्या परीक्षा तो पास झाला होता. गेल्या आठवड्यात त्याला पहिला पाहुणा मिळाला. विमानाचं दार उघडलं आणि लंबूचे पाय जागचे हलेनात. “वारा फार आहे,” असं सांगून तो त्या माणसाला विमानातूनच परत घेऊन आला. खाली वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी ओल्या मोज्यासारखी लटकत होती.

तिथल्या मुख्य प्रशिक्षकांना सगळे उस्ताद म्हणत. त्या दिवशी त्यांनी नुसतं त्या नळीकडे बघितलं. आज सकाळी मात्र म्हणाले, “लंब्या, या आजी तुझ्या. आणि आजही तुला वारा लागला, तर उद्यापासून आत बसून छत्र्यांच्या घड्या घाल. तिथे वाऱ्याचा त्रास नाही. पंखासुद्धा नाही.”

आणि नेमकी पाहुणी अशी! खरं तर आजी आल्या त्या तरातरा चालत. उडीची हौस त्यांचीच होती. नात नुसती फोटो काढायला आली होती. “हवेत गळ्यात काही लोंबतं नको,” असं म्हणत त्यांनी आपली जुनी पितळी शिट्टी काढून नातीकडे दिली. लंबूने पट्टे आवळायला घेतले, तेव्हा त्या थोडा वेळ त्याच्या हातांकडे बघत राहिल्या. आणि तिथून जी प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली, ती थांबेचना.

विमान वर चढलं. आजींची पाठ आता चार कड्यांनी लंबूच्या छातीशी जखडलेली होती. तोंडाला मात्र एकही कडी नव्हती.

“बाळा, दारात बसल्यावर पाय कुठे घ्यायचे?”

“मागे दुमडायचे. विमानाच्या पोटाखाली.”

“आणि मान?”

“मान मागे. माझ्या खांद्यावर टाका.”

“आत्ता सांगितलंस आणि आत्ता विसरले बघ. परत सांग.”

लंबूने परत सांगितलं. मग आणखी एकदा. सांगता सांगता त्याचा आवाज भारदस्त होत गेला. “हे बघा आजी,” तो म्हणाला, “तुम्ही फक्त पोट पुढे काढा आणि अंगाची कमान करा. बाकी सगळं माझ्यावर सोडा.” हे वाक्य आपल्याच तोंडून निघालं, याचं त्याला नवल वाटलं.

एक गोष्ट मात्र त्याला चमत्कारिक वाटली. आजींचा आवाज थरथरत होता, पण पाठ दुपारची वामकुक्षी घेणाऱ्या माणसासारखी संथ खालीवर होत होती.

दार उघडलं. गार वारा आत घुसला. दूर खाली घरं मोहरीच्या दाण्यांएवढी दिसत होती. कसेबसे ते दोघं दारापर्यंत सरकले आणि तिथे त्याचे पाय गोठले, अगदी गेल्या आठवड्यासारखे.

तेवढ्यात आजींनी हात मागे करून त्याचं मनगट घट्ट धरलं. “मला सोडणार नाहीस ना रे?” त्या ओरडल्या.

“नाही सोडणार!” लंबू ओरडला. “पाय मागे! मान माझ्या खांद्यावर!”

आजींची मान खांद्यावर टेकली आणि दुसऱ्या क्षणी दोघं आभाळात होते.

आजींनी अंगाची कमान अशी झोकात केली, जशी पहिल्या खेपेला कुणालाच जमत नाही. लंबूने वेळेवर दोरी ओढली. भलीमोठी छत्री डोक्यावर उलगडली आणि सगळं एकदम शांत झालं. शेवटी आजींनी पाय उचलले आणि पाटावर बसावं तशा त्या गवतावर बसल्या. लांबून उस्तादांनी अंगठा वर केला. नात धावत आली.

“बघितलंत?” कड्या सोडवताना लंबूची छाती फुगली होती. “उगाच घाबरत होतात तुम्ही.”

नातीला हसू आवरेना. “आजी? घाबरली? अहो, अख्ख्या गावाला पोहायला शिकवलंय हिनं. अजूनही सगळ्यात उंच फळीवरून सूर मारते ती.”

लंबूने विचारलं, “मग ते सगळे प्रश्न?”

आजींनी शिट्टी पुन्हा गळ्यात अडकवली. “एकच पट्टा सारखा सारखा ओढत होतास. वर गेल्यावर तर तुझं काळीज माझ्या पाठीवर ढोल बडवत होतं. पाण्याला भ्यालेलं पोर आलं ना, की मी त्याच्याहून जास्त भ्यालेल्या पोराचा हात त्याच्या हातात द्यायचे. ‘याला जरा सांभाळ रे,’ म्हणायचे. त्या नादात ते स्वतःची भीती विसरून पाण्यात उतरायचं.” त्यांनी लंबूच्या पाठीवर थाप मारली. “आज दुसरं कोणी मिळेना, म्हणून मग मीच घाबरले.”