जांभळ्या काचांची खिडकी

"जांभळ्या काचांची खिडकी असलेलं घर कुठलं?" मागून परत तोच प्रश्न आला.

काकूंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सुट्टीच्या दिवशी त्या हौशी लोकांना ही जुनी वस्ती फिरवून दाखवत. आज आलेली मंडळी माना वर करून लाकडी सज्जे बघत होती. प्रश्न विचारणारा दाढीवाला तरुण मात्र नुसत्या खिडक्या न्याहाळत होता.

ते घर काकूंचंच होतं. वरच्या खोलीत शिवणकाम करणारी एक पोरगी राहायची, नवऱ्याच्या माराला कंटाळून पळून आलेली.

"या घराला विटांच्या कमानी, आणि शेजारचं काँक्रीटचं, जहाजासारखं गोल," काकू म्हणाल्या. "सख्ख्या जावा जशा. पटत नाही, पण भिंत एकच."

सगळे हसले. तरुण हसला नाही.

"काकू, एवढा घाम का फुटलाय?" चष्मेवाल्या गृहस्थांनी हळूच विचारलं. सकाळपासून ते काकूंना हाताला धरून पायऱ्या उतरवत होते.

काकूंना राहवलं नाही. पोरगीचं, आणि हा दाढीवाला तिचा नवराच असणार, हे सगळं त्यांनी सांगून टाकलं.

"असल्या माणसाला दारात उभं करू नये," गृहस्थ म्हणाले. ते तरुणापाशी गेले, दोन शब्द बोलले आणि नदीपलीकडे बोट दाखवलं. तरुण घाईघाईने पुलाकडे निघाला.

काकूंनी फेरी आटोपती घेतली. गृहस्थ घरापर्यंत सोबत आले.

"मी जिन्यात थांबतो. तो परत फिरलाच तर माझ्याशी गाठ आहे."

वर पोरगी मशीनवर बसली होती.

"तुझा नवरा आला होता," काकू धापा टाकत म्हणाल्या. "पण पिटाळला त्याला."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "कसा होता दिसायला?"

"उंच, दाढीवाला. भुवईवर भाजल्याचा डाग."

"अहो, तो महिला संस्थेतला दादा," ती कशीबशी म्हणाली. "मला सुरक्षित जागी न्यायला येणार होता. घराला पाटी नाही, म्हणून खिडकीची खूण सांगितली होती. तुम्हाला घोर नको म्हणून बोलले नाही."

बोलता बोलता तिची नजर काकूंच्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथेच थिजली.

काकू वळल्या. गृहस्थ उंबरठ्यावर उभे राहून शांतपणे चष्मा पुसत होते.

"तुम्ही खाली जाऊन बसा, काकू," ते म्हणाले. "बायकोशी मी बोलतो."