गोळीच्या बुडाचा लाल ठिपका

“थांब! हाल्वर, चापावरचं बोट काढ आधी!”

वेंडेलची हाक ऐकून हाल्वरचा हात जागच्या जागी थिजला. बार झालाच नव्हता. नुसतं ‘फुस्’ झालं होतं, बाटलीचं बूच निघावं तसं.

वेंडेल नेमबाजी क्लबाचा रखवालदार आणि हाल्वरचा जुना मित्र. त्यानं रिव्हॉल्व्हर रिकामं केलं आणि नळीत पितळी सळई घातली. ती अर्ध्यात अडली. गोळी नळीतच रुतून बसली होती.

“काडतुसात दारूच नव्हती, नुसत्या ठिणगीच्या धक्क्यानं गोळी सरकली,” तो म्हणाला. “यामागून दुसरी सोडली असतीस, तर नळी फुटली असती आणि आम्ही गवतात तुझी बोटं शोधत बसलो असतो. पुन्हा असं झालं, तर तुझी घरी भरलेली काडतुसं बंद. आणि तूही बंद, म्हातारबा. मला वाईट वाटेल, पण बंद.”

घरी येताना गाडी त्याच्या बायकोनं, मार्लिसनं चालवली.

“एखादं भरायचं राहतं,” ती म्हणाली.

“उभ्या जन्मात माझं राहिलं नाही.”

“म्हणून तर म्हणते. जन्माचं एक राहू दे की!”

हाल्वर हसला नाही. त्याच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या हरवल्या, मग घरची वाट, शेवटी बायकोचं नाव. आणि परवा सकाळी हाल्वरनं कॉफी केली, तर कपात नुसतं गरम पाणी उतरलं. “मेलं यंत्र बिघडलंय,” असं म्हणून मार्लिस ते पाणी शेवटच्या घोटापर्यंत प्यायली होती.

पण काडतूस आपलं नसेलच, असं त्याच्या मनानं घेतलं. क्लबात सगळ्यांचे डबे एकाच बाकावर असतात. कुणाचं तरी चुकून आपल्या डब्यात पडलं असेल.

बुधवारी तो गॅरेजात बसला. काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात ओळीनं उभ्या केल्या. मार्लिस नेहमीसारखी विणकाम घेऊन शेजारी बसली. लग्न झाल्यापासून हे असंच चालत आलं होतं. तो हात चालवता चालवता बोलत राही, ती टाके घालत राही.

“काडतूस तयार झालं की कानाशी हलवायचं,” तो म्हणाला. “आत दारू वाळूसारखी खुळखुळते.”

“शंभरदा सांगून झालंय.”

“तू ऐकतेस कुठं?”

“ऐकते हो,” ती म्हणाली आणि भाजी ढवळायला आत गेली.

तेवढ्यात त्यानं खिशातून तिच्या नेलपॉलिशची बाटली काढली. एकेका गोळीच्या बुडाला लाल ठिपका दिला. गोळी पुंगळीत बसली की ठिपका कुणाला दिसणार नव्हता. पण नळीत अडकलेली बाहेर काढली, तर ती आपली की परक्याची, ते कळणार होतं.

दारू भरायला घेतली, आणि शेजारच्या बाईंची हाक आली. वासरू कुंपणातून सुटलं होतं. तो आणि मार्लिस ते हाकून आली. मग जिथं सोडलं होतं तिथून तो पुढं लागला आणि डबा भरून झाल्यावरच उठला.

शुक्रवारी तो केस कापून घरी आला, तर मार्लिसच्या बोटांना करडी काजळी लागली होती.

“चूल घासत होते,” ती म्हणाली. “बघू मागं वळ. एक बाजू आखूडच कापलीय त्यानं.”

रविवारी पहिला बार खणखणीत झाला. दुसराही. रिव्हॉल्व्हर पुन्हा भरलं, पुन्हा रिकामं झालं. हाल्वरच्या खांद्यावरचं ओझं उतरत चाललं.

“बघतोयस ना, वेंडेल?”

“बघतोय. आवाज फार छान येतोय. आता एखादी निशाणाच्या फळ्यालाही लागू दे!”

हाल्वरनं हसत पुन्हा चाप ओढला.

फुस्.

या वेळी कुणी ओरडलं नाही. हाल्वरनं स्वतःच रिव्हॉल्व्हर बाकावर ठेवलं. वेंडेलनं त्याच्याकडे न बघता ते रिकामं केलं, सळई घातली, हलके ठोके दिले. गोळी हाल्वरच्या तळव्यावर पडली.

त्यानं अंगठ्यानं बुडाची काजळी पुसली. खाली उघडं शिसं. त्यानं पुन्हा पुसलं. लाल कुठंच नव्हतं.

“माझी नाही!” त्याचे डोळे भरून आले. “वेंडेल, ही माझी नाहीच! माझ्या प्रत्येक गोळीला खूण आहे!”

“मग कुणाची? तुझ्या गॅरेजातल्या उंदरांची?” वेंडेल म्हणाला, पण त्यालाही हायसं वाटलं होतं.

हाल्वर मागं विणत बसलेल्या मार्लिसकडे गेला. ती हसत नव्हती. तिनं विणकाम बाजूला ठेवलं आणि लोकरीच्या पिशवीच्या तळातून एक जड पायमोजा काढला. तो काडतुसांनी भरला होता. त्यातलं एक तिनं त्याच्या हातावर ठेवलं.

सवयीनं त्यानं ते कानाशी हलवलं. काही वाजलं नाही. दुसरं खुळखुळलं. तिसरं वाजलं नाही. चौथंही नाही.

“तुझी सगळी यात आहेत,” ती फक्त त्याला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली. “आज उडवलीस ती शुक्रवारी मी भरलेली. एखादं राहतं, हाल्वर.”