येतो म्हणजे जातो

शेजारच्या देशाने सीमेवर रणगाडे आणले, तेव्हा पोस्टवाली बाई जेवणाचा डबा उघडत होती. झाकण निघायच्या आतच टेबलावरचा फोन खणखणला. "आत या," सचिव ओरडले. "आहात तशा या!"

परराष्ट्र खात्यात तिला सगळे पोस्टवाली बाईच म्हणायचे. मंत्र्यांच्या नावाने जे काही जगाला वाचायला मिळायचं, ते तिच्या अंगठ्यातून निघायचं. पूर्वी दोन देशांमध्ये पत्रं जायची. ती पोचेपर्यंत लिहिणाऱ्याचा राग निवायचा आणि वाचणाऱ्याचा चष्मा हरवायचा. आता सगळा कारभार अंगठ्यावर आला होता, आणि अंगठ्याला कुठला आलाय धीर!

आत मंत्री, सचिव आणि लष्करप्रमुख एकाच फोनवर वाकले होते. त्यात बाईनेच सकाळी टाकलेली पोस्ट होती. शेजाऱ्यांकडची बोलणी आटोपून मंत्री विमानाच्या पायऱ्या चढताहेत, निरोपाचा हात वर केलाय, आणि खाली ओळ : 'पाहुणचाराबद्दल आभार. येतो आम्ही!'

"यात काय चुकलं?" बाई म्हणाली. "निघताना माणूस येतोच म्हणतो. जातो म्हटलेलं बरं दिसतं का?"

"हे त्यांना कुठून कळणार?" सचिव म्हणाले. "त्यांनी भाषांतराचं बटण दाबलं. त्यांना दिसलं, 'आम्ही येत आहोत.' आणि वर साहेबांचा तो हात, हल्ल्याचा हुकूम दिल्यासारखा!"

त्याच वेळी तिकडच्या मंत्र्यानेही एक ओळ टाकली होती. इकडे बटण दाबल्यावर ती निघाली, 'तुमची वाट अडवली आहे.' तेवढ्यावर लष्करप्रमुखांनीही आपले रणगाडे बाहेर काढले होते.

पोस्ट काढून टाकावी, तर चोराच्या मनात चांदणं. म्हणून सचिवांनी खुलासा टाकायला लावला : 'येतो म्हणजे जातो.' तिकडच्या टीव्हीवर एका निवृत्त सेनानीने त्याचा अर्थ लावला की जो समोर येईल तो जिवानिशी जाईल. मग घाईघाईने दुसरा खुलासा गेला : 'आम्ही मुळीच येणार नाही.' यावर शेजारी दुखावले आणि त्यांनी पुढची बोलणीच रद्द केली. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

"त्यांची भाषा येणारं एक माणूस नाही आपल्याकडे?" मंत्र्यांनी विचारलं.

सचिव छताकडे बघू लागले. ते बटण आलं त्या वर्षी खात्यातल्या सगळ्या दुभाष्यांना समारंभाने निरोप दिला होता. भाषण सचिवांनीच केलं होतं.

"माझी मुलगी तिकडे असते," बाई हळूच म्हणाली. "तिकडचाच नवरा केलाय तिने."

"मग लावा की फोन!"

"ती माझ्याशी बोलत नाही."

"अहो बाई, युद्ध तोंडावर आलंय!"

"ते खरं हो साहेब. पण ती खरंच बोलत नाही."

मुलीच्या लग्नाला बाईने कडकडून विरोध केला होता. शेवटी मुलगी बॅग घेऊन दारात उभी राहिली आणि "जाते" म्हणाली. एवढ्या भांडणातही बाईच्या तोंडून निघालंच, "जाते नाही, येते म्हणावं." मुलगी पुन्हा "जाते"च म्हणाली, आणि गेली. तेव्हापासून बाई रोज तिचे फोटो उघडून बघायची. लाइक मात्र एकदाही केलं नाही. एक तर मानी स्वभाव, त्यात भूमिका जाहीर न करण्याची खात्यातली सवय. आतून जीव तुटायचा, पण अंगठा हलायचा नाही.

तो अंगठा आज हलला. लष्करप्रमुखांनी फोन स्पीकरवर टाकला.

"आई?" तिकडून आवाज आला. "युद्धाची वेळ आली तेव्हा बरी आठवण झाली!"

"आठवण रोजच होते गं," बाई म्हणाली.

सचिवांनी नाक शिंकरलं. लष्करप्रमुखांनी पुढे होऊन तिकडच्या मंत्र्याची वाट अडवल्याची ओळ सांगितली, तशी मुलगी हसतच सुटली. "अहो, इकडे पाहुणा उठला की असंच म्हणतात! वाट अडवली, म्हणजे बसा अजून थोडं. माझी सासू तर भाजीवाल्यालासुद्धा म्हणते."

खोलीत कुणी कुणाकडे बघेना. एक येतो म्हणाला, दुसरा बसा म्हणाला, आणि रणगाडे समोरासमोर!

मुलीने दोन्ही पोस्टखाली दोन्ही भाषांत चार ओळी लिहिल्या. तिकडच्या मंत्र्याने त्यावर एक हसरा चेहरा टाकला. सचिवांनी धसक्याने त्यावरही बटण दाबून पाहिलं. चेहरा हसराच राहिला. संध्याकाळ व्हायच्या आत रणगाडे माघारी वळतील, असं दोन्हीकडून कळलं, आणि मंत्री धपकन खुर्चीत बसले.

फोन अजून चालूच होता. तो बंद करायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"आई, जेवलीस?"

"डबा उघडतच होते."

"जेवून घे आधी. मलाही कामाला निघायचंय." मुलगी जरा घुटमळली. "बरं आई, येते."

फोन बंद झाला.

मंत्री पुढे वाकले. "येते म्हणजे काय हो बाई? ती येणार आहे, की नुसतीच कामाला निघाली?"

बाईने डोळे पुसले, उरलेल्या दिवसाची रजा टाकली, आणि घरी जाताना एक नवी उशी विकत घेतली. शेजारच्या सैन्याने त्या शब्दाचा जो अर्थ घेतला होता, तोच तिनेही घेतला आणि तयारीला लागली.