बिवलकरी कोळी

प्राध्यापक बिवलकरांनी न विचारता ऋजुताच्या डब्यात बोट घातलं, भरल्या वांग्याचा मसाला चाटला आणि तेच ओलं बोट सूक्ष्मदर्शकावर टेकवलं. तिने तो डाग रुमालाने पुसला.

काचेखाली मोहरीएवढा कोळी होता. त्याच्यासाठी ती दोन पावसाळे पायांना चिकटलेल्या जळवा ओढून काढत डोंगरकपारी धुंडाळत होती. जगाला ठाऊक नसलेली ही जात शेवटी तिलाच सापडली होती.

"शोधनिबंधावर पहिलं नाव माझं," सर दात कोरत म्हणाले. "आणि कोळ्यालाही माझंच नाव दे."

"दोन्ही कसं जमेल, सर? स्वतःच्या निबंधात स्वतःचंच नाव कोळ्याला दिलं, तर आपल्या क्षेत्रातले लोक हसतात. निबंध माझ्या एकटीचा असेल, तरच मला तुमचं नाव देता येईल. निबंध काय, विसरतात सगळे. कोळ्याचं नाव मात्र कायमचं राहतं."

सरांनी काडी दातांत धरून विचार केला. मग त्यांचा चेहरा खुलला. "बिवलकरी! झकास वाटतं. निबंध घे तुझ्या एकटीच्या नावावर."

पुढच्या आठवड्यात तिने मसुदा समोर ठेवला. तिच्याच डब्यातली नारळाची वडी चघळत सर मोठ्याने वाचू लागले, "'बिवलकरी कोळी स्वतः जाळं विणत नाही. तो दुसऱ्याच्या जाळ्यात शिरतो आणि त्याने धरलेलं भक्ष्य पळवतो.' वा! पाठवून दे."

त्यांच्या मिशीला खोबरं चिकटलं होतं. किळस गिळून ऋजुताने अख्खा डबाच पुढे सरकवला.

"घ्या ना सर, अजून आहेत."