झऱ्यातली बोटं

परदेशात सेंगकांगला राहणारे रत्नदीप आणि स्नेहल रविवारी सकाळी आपल्या लेकीला, राणीला घेऊन उद्यानातला झरा बघायला गेले. झरा छोटासाच होता, पण पाणी इतकं नितळ की तळाची वाळूसुद्धा स्पष्ट दिसत होती. राणीने काठावर बसून हात पाण्यात बुडवला.

"बाबा, समबडी होल्डिंग माय हँड, लाह," ती शाळेत उचललेल्या तिथल्या इंग्रजीत म्हणाली.

रत्नदीप हसला. "पुरे आता, काढ हात बाहेर."

"कान्ट, बाबा!" तिचा आवाज रडवेला झाला.

त्याने तिचा दंड धरून ओढला. हात जराही हलेना. पाण्यात दुसरं काहीच दिसत नव्हतं. त्याने आपलाही हात आत घातला, तेव्हा राणीच्या मनगटाभोवती त्याला बोटं लागली. गार, चिमुकली, घट्ट आवळलेली. त्याने ती एकेक करून सोडवली.

राणी रडत आईकडे पळाली.

"रत्नदीप, काय झालं रे?" स्नेहलने लांबूनच विचारलं.

आता त्या बोटांनी त्याचा अंगठा धरला होता. एखादं लेकरू बापाला काही दाखवायला हट्टाने नेतं, तशी ती त्याला खाली ओढत होती, आणि तळाची वाळू हळूहळू बाजूला होत होती.