कुलूप लावल्यावर

देवासच्या घराच्या दारावरचा कॅमेराच चोरीला गेला. आई गेली त्याच महिन्यात पुण्याच्या अल्पनानं तो बाबांसाठी बसवून घेतला होता. पोलीस ठाण्यातून हवालदाराचा फोन आला, "मॅडम, चोरी के पहले का हफ्ते भर का रिकार्डिंग भेज दो." कॅमेरा गेला तरी रेकॉर्डिंग तिच्या मोबाईलवर शिल्लक होतं. चोराचं काही बोलणं सापडेल म्हणून तिनं पहिल्यांदाच आवाज चालू केला.

चोर एक शब्द बोलला नाही. बोलत होते ते बाबा. रोज सकाळी टेकरीवरच्या देवीला निघताना कुलूप लावायचे, मान वर करून कॅमेऱ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "येतो गं." मग थोडा वेळ तिथंच उभे. इतके महिने तिला वाटत होतं, कुलूप नीट लागलं का ते बघतात.

तिनं फोन लावला. "बाबा, तुम्ही कॅमेऱ्याला सांगून निघत होता?"

जगदेवराव ओशाळले. "सवय गं, बेटा. तुझी आई आतून 'या' म्हणायची, मगच पाय उचलायचा. आता नवा कॅमेरा नको पाठवू, फालतू खर्च."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला अल्पनानं फोन केला. पलीकडे कुलपाचा खटका ऐकू आला.

"निघालात, बाबा?"

"हो. येतो गं."

"या," ती म्हणाली.

आणि फाटकाची कडी वाजली.