दोघांनी मोजलेले खडे

“सात,” ती म्हणाली.

“सात,” समोरून मास्तर म्हणाले. “अगदी स्वच्छ दिसतायत.”

तिनं दोन्ही रकान्यांत सात लिहिलं, डोळे चोळले आणि पुढच्या स्लाइडसाठी हात लांबवला. तेवढ्यात कोपर दांडीला लागलं. दांडी आत होती.

मायक्रोस्कोप दोन तोंडांचा होता. एका बाजूला ती, समोर मास्तर. मधली दांडी बाहेर ओढली की उजेड दोघांत वाटला जायचा, आत ढकलली की सगळा तिच्याकडे. मघाशी मास्तर तोंडावर पाणी मारायला गेले होते, तेव्हा एक गढूळ काप धड दिसेना म्हणून तिनं दांडी आत ढकलली होती. ती बाहेर ओढायची राहूनच गेली. म्हणजे मास्तर परत येऊन बसल्यापासून त्यांच्या नळ्यांत मिट्ट काळोख होता. त्या काळोखात त्यांना सात कडी स्वच्छ दिसली होती. त्याआधीच्या स्लाइडवर नऊ.

माशाच्या कानात तांदळाच्या दाण्याएवढा खडा असतो. त्यावर वर्षाला एक कडं चढतं. खड्याचा पातळ काप काढायचा, काचेवर चिकटवायचा आणि कडी मोजायची, की माशाचं वय कळतं. ऐकायला मोठी गंमत वाटते. रोज करून बघावं. मान धरते, डोळ्यांच्या खाचा होतात आणि घरी कांदा चिरतानासुद्धा माणूस कडी मोजायला लागतो. शिवाय एकट्याचा आकडा कुणी धरत नाही. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, एकमेकांना सांगायचं नाही, जुळलं तरच खरं.

हा नियम या मोसमात ढिला पडला होता. खडे ढिगानं आले होते आणि साहेबांनी घाई लावली होती. “दोघं एकदमच बघू, पोरी,” असं मास्तरच म्हणाले होते. “तू बोल, मी बघतो. तुझाच वेळ वाचेल.” तिची चाळिशी उलटली होती, तरी मास्तरांसाठी ती पोरगीच. तिला तेव्हा बरं वाटलं होतं. दमलेल्या माणसाला वेळ वाचवणारा कुणीही देवमाणूस वाटतो.

आकडे आज संध्याकाळी वर जायचे होते. समुद्रात जुने मासे किती उरलेत ते पाहून बोटी सोडायच्या की वर्षभर किनाऱ्याला बांधून ठेवायच्या हे ठरणार होतं. कुणी शंका काढली की साहेब एकच सांगायचे, दोघांनी मोजलेत.

तिनं दांडी बाहेर ओढली.

मास्तर दचकले. पण त्यांनी नळ्यांवरून डोळे काढले नाहीत.

“दांडी आत होती होय,” ते म्हणाले. “मला वाटलं, आज उजेडही गेला.”

“म्हणजे?”

“उजेड दिसतो गं. मधे नुसता डाग आहे. कडी नाही दिसत.”

“कधीपासून?”

“मोसम सुरू झाला तेव्हापासून.”

“सांगायचंत ना, मास्तर!”

“कुणाला? साहेबांना? म्हणजे दुसऱ्या दिवशी घरी. तिथं बसून काय मोजू?”

तिला संताप आला आणि त्याच्या पाठोपाठ रडूही आलं. चिमटा कसा धरायचा इथपासून सगळं याच माणसानं शिकवलं होतं. मग तिची नजर भिंतीकडे गेली. या मोसमाचे ट्रे तिथं एकावर एक रचून ठेवले होते, सगळे संपलेले, सगळ्यांवर खूण केलेली. ते पुन्हा उघडायचे या विचारानंच तिच्या खांद्यातलं बळ गेलं. राग धरायलासुद्धा अंगात त्राण लागतं.

“तुझे आकडे बरोबरच आहेत,” मास्तर घाईघाईनं म्हणाले. “तू चुकत नाहीस. म्हणून तर मी निर्धास्त होतो.”

“मी पण निर्धास्तच होते,” ती म्हणाली. “तुमच्या भरवशावर.”



मघाची स्लाइड अजून जागेवरच होती. ती पुन्हा वाकली. आकडा पटकन सांगून टाकायची सवय लागली होती, ती मोडून तिनं मधल्या ठिपक्यापासून एकेक कडं मोजत बाहेर यायला सुरुवात केली. कडेला एक बारीक कडं दुसऱ्याला चिकटून होतं. तिनं पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा.

“आठ आहेत,” ती म्हणाली.

मास्तरांनी मान हलवली. चष्मा काढून तो शर्टाच्या टोकाला पुसला, जणू पुसून काही फरक पडणार होता, आणि टेबलाला हात देऊन ते उठले.

“तू पहिला ट्रे काढ. आकडे आज जात नाहीत म्हणून साहेबांना मी सांगतो. का जात नाहीत तेही सांगतो.”

“थांबा, मी येते बरोबर.”

“कशाला?” मास्तर म्हणाले. “दार दिसतं मला. ते मोठं आहे.”